सोनबा मास्तरांचा मोकळा पक्ष

भोरला एस.टी. स्टँडवरून बाजारपेठेकडं निघालं की डाव्या हाताला सोनबा मास्तरांचं शिवणकामाचं दुकान लागायचं. दुकान म्हणजे काय, एक मशीन, कापड बेतायला एक फळी आणि गिऱ्हाइकाला टेकायला एक लोखंडी खुर्ची. ड्रायव्हर-कंडक्टरांचे खाकी कपडे आणि शाळेतल्या पोरांच्या चड्ड्या, यावर त्यांचं पोट चालायचं. कापड विरलं तरी मास्तरांचा टाका उसवायचा नाही, असं लोक म्हणत. शब्दाचंही तसंच. गुरुवारी देतो म्हटलं की गुरुवारी दिवस मावळायच्या आत कपडा इस्त्री करून खुंटीला टांगलेला.

त्यांचं मूळ गाव वेल्ह्याच्या अंगाला, डोंगरात. बाप गावचा येसकर. सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं, घरोघर सांगावा द्यायचा, मेलेलं ढोर ओढून न्यायचं. एकदा बाप तापानं फणफणला होता, तरी पाटलाचा निरोप आला तसा उठला आणि काठी टेकीत गेला. संध्याकाळी परत आला तो भिंतीला धरून. लहानग्या सोनबानं विचारलं, "तापात कशापायी गेलास?" बाप म्हणाला, "हुकूम व्हता." एवढंच. पण हा शब्द सोनबाच्या मनात कायमचा रुतून बसला. मोठ्या लढाईच्या काळात तो पलटणीत भरती झाला, तिथं शिवणकाम शिकला, वाचायला शिकला. अठ्ठेचाळीस साली सुटून आला तो गावाकडं गेलाच नाही. भोरात जागा घेतली आणि मशीन टाकलं. छप्पन साली बायको सरूबाईसह दीक्षा घेतली. त्यानंतर कुणी "ये रं सोन्या" म्हणून हाक मारली की मास्तर मान वर करत नसत. "सोनबा" म्हटलं तरच ओ देत.

असा माणूस राजकारणात पडला तो बहिणीपायी.

बहीण अंजना पासलीला दिलेली. तिथं तिच्या मालकाचं थोडं भातखाचर होतं. थोरला मुलगा पुण्यात एका छापखान्यात बाइंडिंगच्या कामाला. चौसष्ट-पासष्टचा सुमार. सरकारनं भाताची लेव्ही बसवलेली, म्हणजे पिकातला ठरीव हिस्सा सरकारलाच ठरल्या भावानं घालायचा, आणि एका जिल्ह्यातला तांदूळ दुसरीकडं तर सोडाच, तालुक्याच्या बाहेर न्यायचीसुद्धा चोरी. अंजना पोराला द्यायला म्हणून चार शेर आंबेमोहोर फडक्यात बांधून एस.टी.नं निघाली. पुण्याच्या वाटेवर नाक्याला गाडी थांबली, झडती झाली. पोलिसानं बाईच्या मांडीवरचं गाठोडं उचललं आणि तिला खाली उतरवलं. तांदूळ जप्त. अंजना दिवसभर नाक्यावरच्या बाभळीखाली बसून राहिली. परतीच्या गाडीनं भोरला भावाच्या दारात आली ती मटकन उंबऱ्यावरच बसली.

"अगं पर काय झालं?" सरूबाईनं विचारलं.

"माज्या शेतातला माजा तांदूळ," अंजना म्हणाली, "माज्या पोराला नेत व्हते. तर मला चोर म्हनला त्यो."

दुसऱ्या दिवशी मास्तर पानसे वकिलांकडं गेले. अर्ज लिहून हवा होता. पानसे वकील म्हणजे संस्थानच्या काळापासूनचे वकील. हडकुळे, पांढरेशुभ्र कपडे, बोलणं हळू. त्यांनी अर्ज लिहिला, पैसे घेतले नाहीत. मास्तरांना खुर्ची दिली, आणि आतून चहा आला तो दोघांना सारख्याच कपात. भोरातल्या वकिलाच्या घरात असं पहिल्यांदाच घडत होतं. निघताना वकिलांनी एक पातळसं पुस्तक हातात ठेवलं. "वाचून बघा, सोनबाजी. तुमच्या बहिणीचीच गोष्ट आहे यात."

पुस्तक व्यक्तिस्वातंत्र्य पक्षाचं होतं. माणसाच्या कष्टावर पहिला हक्क त्याचा, त्यानं काय पिकवावं, कुठं विकावं आणि कुठला धंदा करावा हे सरकारनं ठरवू नये, कायदे थोडे असावेत आणि ते सगळ्यांना सारखे लागावेत, असं त्यात लिहिलं होतं. "सगळ्यांना सारखे" या शब्दांपाशी मास्तर थांबले. मशीनवर बसल्या बसल्या त्यांनी ते पान चार वेळा वाचलं. महिन्याभरात सबंध पुस्तक पाठ झालं.

पक्षाचं नाव खेड्यातल्या माणसाच्या तोंडात बसेना. लोकांनी त्याचं "मोकळा पक्ष" करून टाकलं. निशाणी किल्ली. बाजारात लोक थट्टा करायचे, "मास्तर, किल्ली घावली, कुलूप कुटं हाय?" मास्तर हसायचे नाहीत. ते थांबून नीट समजावून सांगायचे, आणि सांगता सांगता ऐकणारा निघून जायचा.

दर रविवारी सकाळी वकिलांच्या ओसरीवर बैठक. अध्यक्ष वकील, चिटणीस सोनबा मास्तर. सुरुवातीला अकरा माणसं होती. सोन्यावरच्या कायद्यानं ज्याची भट्टी विझली होती तो नाथा सोनार होता, दोन भाताचे व्यापारी होते, एक निवृत्त मामलेदार होता. एका रविवारी नाथा सोनार म्हणाला, "पुण्याचे व्यापारी येऊन हितं पेढ्या टाकत्यात. आपल्या पक्षानं ठराव करावा, भायेरच्याला भोरात धंदा नको."

मास्तर लगेच म्हणाले, "नाथाशेट, मग ते स्वातंत्र्य कसलं? आपल्याला मोकळीक आणि दुसऱ्याला बंदी?"

"अवो मास्तर, आपल्या पोटाचं बगायचं का न्हाई?"

"पोटाचं बगूनच सरकारनं नाक्यावर पोलीस उभा केलाय. त्यो बी म्हनतोय, गरिबाच्या पोटासाठीच करतो."

वकिलांनी मांडीवर थाप मारली. "वा! सोनबाजी, हे मला सुचलं नसतं." नाथा सोनार पुढच्या रविवारी आला नाही. मग व्यापारी गेले. त्यांना लेव्ही नको होती, पण कमी भाव झाला तर सरकारनं हमी द्यावी असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मास्तरांनी तेही चालू दिलं नाही. सहासष्ट सालाअखेर ओसरीवर पाच माणसं उरली. मास्तरांना त्याचं दुःख वाटलं नाही. उलट, कोंडा पाखडला जाऊन तांदूळ उरला, असं ते सरूबाईला सांगत. सरूबाई म्हणायची, "पाच दान्यांचा भात कुनाला पुरायचा वो?"

मास्तर इतके ताठ का, ते एकट्या सरूबाईला ठाऊक होतं. नियम एकदा वाकवला की तो कुणाच्या बाजूला वाकतो, हे त्यांनी लहानपणी बघितलं होतं. गावात नियम पुष्कळ होते. पण सवलत निघायची ती नेहमी वाड्यासाठी, आणि सक्ती उरायची ती येसकराच्या घरासाठी. म्हणून न वाकणारा नियम हाच आपल्यासारख्याचा आधार, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं.

सदुसष्ट साली जिल्हा परिषदेची निवडणूक लागली, आणि पक्षात मानसिंग आला.

मानसिंग विंझरचा. वय पस्तिशीचं, घरची भातशेती, शिवाय एक तीनचाकी टेम्पो. आजारी माणूस असो, बाळंतीण असो, मानसिंगचा टेम्पो उभा. पैसे कुणी दिले तर घ्यायचा, नाही दिले तर विचारायचा नाही. माणूस बोलका, हसरा. विंझरपासून वरच्या डोंगरापर्यंत घराघरात त्याची ओळख. त्याचा तांदूळही नाक्यावर दोनदा जप्त झाला होता, म्हणून तो चिडून मोकळ्या पक्षाकडं आला. वेल्ह्याकडच्या गटात असा उमेदवार मिळणं म्हणजे पक्षाला लॉटरीच होती. वकील हरखून गेले.

मास्तर मात्र सावध होते. पाटलाच्या भावकीतला माणूस, त्याला तत्त्व कशाला हवं? पण पहिल्याच दिवशी मानसिंग स्टँडवर, भर गर्दीत, हात जोडून म्हणाला, "जयभीम मास्तर!" त्याच्याबरोबरच्या चार जणांनी एकमेकांकडं पाहिलं. त्याचं त्याला काही नव्हतं. तसाच तो मास्तरांच्या घरी जेवायला बसला. सरूबाईनं केलेलं सुकटीचं कालवण दोनदा मागून घेतलं आणि म्हणाला, "वयनी, परचाराला रोज हितनंच भाकरी बांधून द्या." मास्तरांचं मन त्या दिवशी निवळलं. पंधरा दिवस दोघं टेम्पोतून, जिथं टेम्पो जात नाही तिथं पायी, गावं पालथी घालत राहिले. मानसिंग बोलायचा, मास्तर शेवटी उभे राहून पक्षाचं धोरण सांगायचे. मानसिंगच्या बोलण्यावर लोक टाळ्या वाजवायचे. मास्तरांचं बोलणं सुरू झालं की म्हातारी माणसं तंबाखूची चंची काढायची.

तरी जोडी जमली होती. वाटेत मानसिंग विचारायचा, "मास्तर, ते कायद्याचं पुन्यांदा सांगा. मला सांगता येत न्हाई नीट." आणि मास्तर चालता चालता सांगायचे. पलटण सोडल्यापासून कुणी त्यांना असं मित्रासारखं बरोबर घेऊन चाललं नव्हतं.

मग पासलीची सभा झाली.

उन्हाळ्याचे शेवटचे दिवस. डोंगरात या दिवसांत कणग्या रिकाम्या होतात. आदल्या साली पाऊस दगा देऊन गेलेला, त्यामुळं यंदा तर जास्तच. देवळापुढच्या पाराजवळ शंभरेक माणसं जमली होती. बायका एका बाजूला, त्यांत अंजनाही होती. वरच्या धनगरवाड्यावरची मंडळीसुद्धा खाली उतरून आली होती. मानसिंगनं नाक्यावरच्या झडतीचं सांगितलं, लेव्हीचं सांगितलं, लोक हसले, चिडले, माना डोलावल्या. सभा अशी रंगली की मास्तरांनाही वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात धनगरवाड्यावरची कोंडाबाई उठली. काटक म्हातारी, डोक्यावर पदर, आवाज खणखणीत. "बाबा, तुजं समदं खरं. पर आमच्याकडं भात पिकत न्हाई, आमी मेंढरंवाली. आमाला इकत घ्यावं लागतं. रेशनचं दुकान ऱ्हायलं वेल्ह्याला. जायाचं अडीच तास, यायाचं तीन तास, आन् गेलं तर म्हनतोय माल संपला. ते दुकान हितं पासलीला आनून देशील का?"

मानसिंग क्षणभरही थांबला नाही. "आनतो की, म्हातारे. निवडून आलो की पयलं काम तेच!"

टाळ्या झाल्या. मास्तर बसल्या जागी ताठ झाले. पंधरा दिवस ते गावोगाव सांगत होते, की सरकारनं धान्याच्या धंद्यात पडूच नये. आणि रेशनच्या दुकानात तांदूळ येतो कुठून? लेव्हीतूनच. अंजनाच्या मांडीवरून उचललेलं गाठोडंच त्या दुकानात जाणार. ते उठले. मानसिंगनं डोळ्यांनी खूण केली, बसा म्हणून. पण मास्तर बोलले.

"मंडळी, उमेदवार बोलले ते पक्षाचं धोरण न्हाई. चुकीचं वचन देऊन मत मागायचं न्हाई, म्हनून सांगतो. लेव्ही नको आन् रेशन पायजे, हे एका तोंडानं बोलता येत न्हाई. आपला पक्ष सरकारी दुकान मागणार न्हाई."

कोंडाबाई अजून उभीच होती. तिनं विचारलं, "मग आमी काय खायाचं?"

"बंदी उठली की व्यापारी तुमच्या दारात तांदूळ घेऊन येतील. दहा जन आलं की भाव आपोआप उतरतो."

"येतील तवा येतील," कोंडाबाई म्हणाली. "आज घरात रेशनच्या मिलो जोंधळ्याचा दाना न्हाई. आज काय?"

याचंही उत्तर पुस्तकात होतं आणि मास्तरांनी ते दिलं. चांगलं पाच मिनिटं, शुद्ध भाषेत, एक शब्द न चुकता दिलं. बोलताना त्यांची नजर अंजनाकडं गेली. ती मान खाली घालून बोटानं जमीन उकरत होती. बोलणं संपेपर्यंत निम्मी माणसं उठून गेली होती. कोंडाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि धनगरवाड्याची वाट धरली.

दोघं डोंगर उतरू लागले. मग मानसिंग म्हणाला, "मास्तर, तुमचं खरं आसंल. मला तेवढं कळत न्हाई. पर त्या म्हातारीला न्हाई म्हनायला माजी जीभ रेटली न्हाई."

"जीभ रेटत न्हाई त्यानं उभं ऱ्हाऊ नये," मास्तर म्हणाले.

भोरला पोचल्यावर त्यांनी वकिलांच्या ओसरीवर बैठक बोलावली. उमेदवारानं धोरण मोडलं, पक्षानं पाठिंबा काढून घ्यावा, असा ठराव त्यांनी स्वतः लिहून आणला होता. वकील घुटमळले. "सोनबाजी, थोडं सबुरीनं घेऊ. मतदान आठ दिवसांवर आहे. निवडून आला तर आपला एक माणूस आत जाईल."

"वकीलसाहेब, आज कोंडाबाईसाठी वाकला. उद्या ठेकेदारासाठी वाकेल, परवा पाटलासाठी. मग तुमच्या-आमच्यात आन् त्यांच्यात फरक काय?"

वकिलांनी मान डोलावली. बाकीच्या तिघांनीही माना डोलावल्या. ठराव झाला, पत्रक छापलं गेलं, आणि गावोगाव वाटलंही गेलं. मानसिंग एकसष्ट मतांनी पडला. पासली आणि धनगरवाडा मिळून दीडशेच्या आसपास मतं होती. ती जवळपास सगळी समोरच्याला गेली.

इथवर झालं ते झालं. निवडणुकीत हार-जीत व्हायचीच. मास्तरांना पुढं जे जन्मभर डाचत राहिलं ते याच्यानंतरचं.

निकालानंतरच्या बाजारच्या दिवशी मानसिंग दुकानात आला. खुर्चीत बसला. समोरच्या हॉटेलातून त्यानं दोन चहा मागवले. म्हणाला, "झालं गेलं, मास्तर. मी काय मनात धरलं न्हाई. पाच वर्सांनी पुन्यांदा उभं ऱ्हाऊ. तुमी मातूर संगं ऱ्हावा. मला तुमच्यासारका मानूस पायजे, मी चुकलो तर सांगनारा."

मास्तर मशीन चालवत होते. त्यांनी मशीन थांबवलं नाही. "आदी धोरण पाळनार का ते सांगा."

मानसिंग बसून राहिला. चहा संपवला, दोन्ही चहाचे पैसे दिले. "येतो," म्हणाला. मास्तरांचा कप तसाच गार झाला, वर साय धरली.

अडुसष्ट साली मानसिंग सत्तेतल्या पक्षात गेला. वर्षाच्या आत पासलीला रेशनचं दुकान आलं. ही बातमी अंजनानंच सांगितली, भीत भीत. मास्तर म्हणाले, "बघितलंस? मी म्हनलं व्हतं." त्यांनी मानसिंगचं नाव टाकलं. स्टँडवर तो समोर आला तरी ते दुसरीकडं बघत. एकदा त्यानं कापड पाठवलं, तर काम फार आहे म्हणून परत लावून दिलं. खरं तर त्या दिवशी फळीवर कापडाचा एक तुकडा नव्हता.

बाहत्तर सालचा दुष्काळ सगळ्यांनाच ठाऊक आहे. वेल्ह्याकडं एरवी पाऊस मावत नाही, पण त्या साली तोही ऐनवेळी गेला. खाचरातलं भात पळंज निघालं, हातात घेऊन फुंकलं तर उडून जावं. अंजनाचा मालक त्याच हिवाळ्यात वारला. दिवसांसाठी म्हणून मास्तर पासलीला गेले, पाच वर्षांत पहिल्यांदा. घरात खाणारी सहा तोंडं, आणि चुलीवर मिलोच्या तांबड्या भाकरी.

"कुटनं आनलं?" मास्तरांनी विचारलं, ठाऊक असून.

"दुकानातनं." अंजना भाकरी थापत होती. "दादा, तुला राग येईल. पर त्या दुकानानं तगवलं आमाला. न्हाईतर ही पोरं आज दिसली नसती."

अंजनानं भाकरी तव्यावर टाकली आणि बराच वेळ मनात ठेवलेलं बोलली. "त्या दिवशी तू सभेत उठलास, तवा मला वाटलं जिमीन दुभंगावी. तू खोटं बोलला न्हाईस. पर कोंडाबाई किती दिस उपाशी व्हती, तुला काय ठावं? तू तिला इचारलं न्हाईस. तू पुस्तकातलं सांगत सुटलास."

दुसऱ्या दिवशी ते अंजनाबरोबर दुकानावर गेले. रांग लागली होती. रांगेत कोंडाबाई होती, आता पार वाकलेली. तिनं त्यांना ओळखलं. "तुमीच नव्हं का ते, दुकान नगं म्हननारं?"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण म्हातारीच्या बोलण्यात डंख नव्हता. ती रांगेतून जरा बाजूला झाली आणि हळूच म्हणाली, "तुमी बी काय अगदीच चुकीचं बोलत नव्हता. ह्यो तागडी मारतोय. धा किलोला नऊ देतोय. निम्मा माल रातचा खाली काळ्या बाजारात जातोय. बोलायची सोय न्हाई, मानसिंगाच्या सोयऱ्यातला हाय त्यो." मग म्हणाली, "तुमी दोगं एकत्र असता, तर ह्याला धाक ऱ्हायला असता. त्यानं आनायचं आन् तुमी मापाव बसायचं."

हे वाक्य मास्तर भोरपर्यंत बरोबर घेऊन आले. आठ दिवस मशीनवर त्यांचं लक्ष लागेना. एका ड्रायव्हरच्या शर्टाचा खिसा त्यांनी उलट्या बाजूला लावला, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. शेवटी सरूबाई म्हणाली, "जाऊन या विंझरला. बोलून या. मानूस काय खानार न्हाई तुमाला."

ते गेले. मानसिंगचं घर आता सिमेंटचं झालं होतं, दारात जीप होती. ओटीवर सात-आठ माणसं ताटकळत बसली होती. कुणाला विहिरीची मंजुरी हवी होती, कुणाला रस्त्याचा ठेका. मास्तरांना बघून मानसिंग उठून आला. "जयभीम मास्तर! या, आत या." सगळ्यांना थांबवून त्यानं त्यांना आत नेलं, बायकोला चहा सांगितला. माणूस तोच होता, पण जाडावला होता, आणि बोलताना त्याचे डोळे दाराकडं जात होते.

मास्तरांनी आधी माफी मागायची असं ठरवलं होतं. सबंध वाटेवर शब्द जुळवले होते. पण तोंडून निघालं ते दुसरंच. "मानसिंगराव, पासलीच्या दुकानात तागडी मारत्यात. तुमचा सोयरा हाय. तेवढं बगा."

मानसिंग हसला, पण ते हसू लगेच मावळलं. "ठावं हाय मला."

"मग?"

"मग काय, मास्तर. त्याच्या भावकीची दोनशे मतं हायेत. त्याला हात लावला तर ती जात्यात. ह्याला खूश ठिवावं तर त्यो रुसतोय. भायेर बसलेत त्यांतल्या एकालाबी न्हाई म्हनायची ताकद ऱ्हायली न्हाई बगा." मग म्हणाला, "तवा तुमाला म्हनलं व्हतं, संगं ऱ्हावा. मी असाच मानूस हाय. मला कुनाला न्हाई म्हनता येत न्हाई. तुमाला येतं."

बाहेरून कुणीतरी हाक मारली. मानसिंग "बगतो, बगतो मी दुकानाचं," म्हणत उठला. तो बघणार नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. मास्तर एस.टी.ची वाट बघत रस्त्यावर उभे राहिले. आपण म्हणालो होतो, आज कोंडाबाईसाठी वाकला, उद्या ठेकेदारासाठी वाकेल. अक्षरशः तसंच घडलं होतं. पण खरं ठरल्याचा आनंद कुठंच सापडेना. त्याला वाकताना धरायला कोण होतं? जो एक माणूस धरू शकला असता, तो ठराव लिहून भोरला मशीनवर जाऊन बसला होता.

चौऱ्याहत्तर साली पक्ष संपला. मुंबईहून पत्र आलं की पक्ष दुसऱ्या एका आघाडीत विलीन होतोय. ओसरीवर त्या दिवशी तीन माणसं होती. वकिलांनी चष्मा पुसून पत्र वाचलं. त्यांना आता ऐकू कमी यायचं. ते म्हणाले, "विलीन व्हायचं असेल त्यांनी व्हावं. आपण कुठं वाकलो नाही, सोनबाजी. आपण शुद्ध राहिलो."

मास्तर मोठ्यानं म्हणाले, "व्हय वकीलसाहेब. पर आपण शुद्ध ऱ्हायलो, हे पासलीत कुनाला कळलं?"

वकिलांना ऐकू गेलं नसावं, किंवा गेलंही असेल. त्यांनी पत्राची घडी घातली. पुढच्या रविवारी बैठक झाली नाही. त्यानंतर कधीच झाली नाही.

मास्तरांनी एक केलं. महिन्यातून एकदा, पासलीच्या दुकानात माल यायचा त्या दिवशी, भोरचं आपलं दुकान बंद ठेवून ते पहाटेच्या गाडीनं निघायचे आणि तागडीजवळ उभे राहायचे. पहिल्या वेळी दुकानदार खेकसला, "तुमी कोन? कुठल्या पक्षाचं?" मास्तर म्हणाले, "कुठल्याच न्हाई. माजी भन गिऱ्हाईक हाय." पलटणीतला ताठ कणा, आणि माप शिंप्याचं. दुकानदाराचा हात त्या दिवशी नीट चालायचा. लोकांनी आपल्या शिधापत्रिकांचे अर्ज त्यांच्याकडून लिहून घेतले. त्यांनी कुणाला धोरण सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

एकदा कोंडाबाई म्हणाली, "तुमी आल्याव काटा सरळ ऱ्हातो, मास्तर. पर म्हैन्याचं बाकीचं दिस?"

बाकीच्या दिवसांसाठी मानसिंगच हवा होता, आणि मानसिंगकडं पुन्हा जायचं त्यांना जमलं नाही. दोनदा ते विंझरच्या थांब्यावर उतरले. दोन्ही वेळा ओटीवरची गर्दी लांबून बघितली आणि परतीच्या गाडीनं माघारी फिरले.

एकोणऐंशी साली त्यांचे गुडघे गेले आणि पासलीची चढण बंद झाली. मग अंजनाच कधी तरी भोरला यायची. ती आली की हातपाय धुवायच्या आत मास्तर विचारायचे, "तागडी कशी हाय आता?" ती कधी म्हणायची बरी हाय. कधी विषय बदलून पोरांचं सांगायची. मास्तर ऐकत राहायचे आणि हातातल्या कापडाला टाके घालत बसायचे.